फोन आणि गाडीचं ब्लूटूथ जुळत नाही? आधी नेमकं कुठे अडलंय ते शोधा

‘ब्लूटूथ चालत नाही’ ही तक्रार एक असली तरी तिच्यामागे चार वेगळे बिघाड असू शकतात. फोनला गाडी दिसतच नाही, हा पहिला. दिसते, पण पेअर होत नाही, हा दुसरा. पेअर झालेली आहे, पण गाडी चालू केल्यावर आपोआप जोडत नाही, हा तिसरा. आणि ‘कनेक्टेड’ असं स्वच्छ दाखवतं, तरी गाणं वाजत नाही किंवा कॉलचा आवाज फोनमधूनच येत राहतो, हा चौथा. चौघांची कारणं वेगळी, उपायही वेगळे. त्यामुळे स्टिरिओ बदलायचा विचार करण्याआधी किंवा गाडी इलेक्ट्रिशियनकडे नेण्याआधी आपला बिघाड यातला कोणता, एवढं ठरवा. बहुतेक वेळा घरच्या अंगणातच काम होतं.

चौथा बिघाड लोकांना सर्वांत जास्त गोंधळात टाकतो, म्हणून त्याचं कारण आधी. फोन आणि गाडी यांच्यात ब्लूटूथची एकच वाट नसते. कॉलसाठी एक (तिला एचएफपी म्हणतात), गाण्यांसाठी दुसरी (एटूडीपी), स्टिअरिंगवरच्या बटणांनी गाणं पुढे-मागे करण्यासाठी तिसरी (एव्हीआरसीपी), संपर्कांची यादी गाडीत आणण्यासाठी चौथी (पीबीएपी). या वाटा स्वतंत्रपणे चालू-बंद होतात. म्हणून कॉल उत्तम चालतो आणि गाणं मुकं, असं होऊ शकतं. त्यात काही मोडलेलं नसतं, एक वाट बंद असते इतकंच.

पहिल्यांदा पेअर करताना

गाडी उभी करा, हँडब्रेक ओढा. पुष्कळ गाड्यांमध्ये गाडी हलत असताना पेअरिंगचा मेनू उघडतच नाही, आणि ते बरंच आहे. मोटार वाहन कायद्याच्या २०१९ च्या दुरुस्तीनंतर गाडी चालवताना हातात फोन धरून वापरणं धोकादायक ड्रायव्हिंगमध्ये धरलं जातं.

जागाही निवडून घ्या. दाभोळ-धोपावे किंवा जयगड-तवसाळच्या फेरीबोटीसाठी रांगेत उभं असताना पेअरिंग करायला जाल, तर यादीत आजूबाजूच्या गाड्यांचीही नावं येतील. एकाच मॉडेलच्या दोन गाड्या शेजारी असल्या की दोघींची नावं अक्षरशः सारखी दिसतात. मोकळ्या जागेत हे काम दोन मिनिटांचं आहे.

१. इंजिन चालू ठेवा. नुसती किल्ली फिरवूनही स्टिरिओ लागतो, पण बॅटरी कमजोर असेल तर मध्येच बंद पडतो.

२. गाडीच्या पडद्यावर सेटिंग्जमध्ये किंवा ‘फोन’ या खुणेखाली ‘अ‍ॅड डिव्हाइस’ किंवा ‘पेअर न्यू डिव्हाइस’ शोधा. पडदा नसलेल्या साध्या स्टिरिओवर फोनच्या चित्राचं बटण काही सेकंद दाबून धरावं लागतं.

३. फोनवर ब्लूटूथचं पान उघडा आणि पेअरिंग संपेपर्यंत उघडंच ठेवा. आयफोन ते पान उघडं असेपर्यंतच इतरांना दिसतो. गाडीही साधारण दोन-तीन मिनिटंच स्वतःला दिसू देते. वेळ संपली की पुन्हा दुसऱ्या पायरीवरून सुरुवात करा.

४. दोन्हीकडे सहा आकडी संख्या दिसेल. ती सारखी आहे याची खात्री करून दोन्हीकडे होकार द्या. जुना स्टिरिओ पिन मागतो, तो बहुधा ०००० किंवा १२३४ असतो.

५. फोनवर एक चौकट येते: संपर्क आणि कॉलची नोंद गाडीला वाचू द्यायची का? अँड्रॉइडवर ही खूण बऱ्याचदा आधीपासून केलेली नसते आणि घाईत लोक नुसतं ‘पेअर’ दाबतात. पुढे महिनाभर ‘गाडीत नावं येत नाहीत, नुसते नंबर येतात’ ही जी तक्रार चालते, तिचं मूळ इथे असतं.

गाडी दिसतच नसेल तर आधी विमान मोड बंद आहे का हे पाहा. मग गाडीची पेअर केलेल्या फोनांची यादी उघडा. साधारण पाच ते दहा फोन मावतात. यादी भरलेली असली की काही गाड्या सर्वांत जुना फोन गुपचूप काढून टाकतात, तर काही नव्याला दारातच अडवतात आणि कारणही सांगत नाहीत.

पुसायचं तर दोन्हीकडून पुसा

या लेखातली एकच गोष्ट लक्षात ठेवायची असेल तर ही ठेवा. पेअर होताना फोन आणि गाडी आपसात एक गुप्त संकेत ठरवतात आणि तो दोघांकडे साठवला जातो. पुढच्या वेळी आपोआप जोडताना तोच ताडून पाहिला जातो. तुम्ही फोनमधून गाडीचं नाव काढून टाकलं, पण गाडीत फोनचं नाव तसंच राहिलं, तर गाडीकडे जुनी किल्ली आणि फोनवर नवं कुलूप अशी अवस्था होते. मग ‘पेअरिंग फेल्ड’, ‘कनेक्शन रिजेक्टेड’, किंवा जोडून दोन सेकंदांत सुटणं, हे सगळं सुरू होतं. फोनचं मोठं अपडेट आल्यावर किंवा फोन फॅक्टरी रिसेट केल्यावरही हाच प्रकार होतो.

अँड्रॉइडवर सेटिंग्ज, मग ‘कनेक्टेड डिव्हायसेस’ (काही फोनांत सरळ ‘ब्लूटूथ’), मग गाडीच्या नावापुढचं दातेरी चाक, आणि ‘फर्गेट’ किंवा ‘अनपेअर’. आयफोनवर सेटिंग्ज, ब्लूटूथ, गाडीच्या नावापुढचं गोलातलं ‘आय’, मग ‘फर्गेट धिस डिव्हाइस’. त्यानंतर गाडीच्या यादीत जाऊन फोनचं नाव काढा. आता फोन बंद करून चालू करा.

गाडीचा स्टिरिओही खरोखर बंद करा. पुष्कळ गाड्यांत इंजिन बंद केलं तरी ड्रायव्हरचं दार उघडेपर्यंत स्टिरिओ जागा असतो, आणि काहींत त्यानंतरही थोडा वेळ. इंजिन बंद, दार उघडून बाहेर, गाडी लॉक, दहा मिनिटं थांबा. तेवढ्यात चहा होतो. मग वरच्या पाचही पायऱ्या पुन्हा करा. आपोआप न जोडणं, अर्धवट जोडणं, जोडून सुटणं यांपैकी बहुतेक तक्रारी इथेच मिटतात.

गणपतीतली गाडी: एक स्टिरिओ, पाच फोन

मुंबईहून माणसं आली की गावातल्या गाडीच्या यादीत काकांचा, भावाचा, भाच्याचा असे सगळ्यांचे फोन भरले जातात. प्रत्येकाला आपलं गाणं लावायचं असतं. सण संपला, माणसं परतली, पण यादी तशीच राहते. त्यातून दोन त्रास होतात.

पहिला, गाडी चालू झाल्यावर कोणाला जोडायचं याचा तिचा ठरलेला क्रम असतो. बहुतेक गाड्या शेवटी जोडलेल्या फोनला आधी हाक मारतात, तो मिळाला नाही की यादीतल्या पुढच्याला. तुमच्या फोनचा नंबर पाचवा असेल तर तुमच्यापर्यंत येईतो अर्धा-एक मिनिट जातं आणि तुम्हाला वाटतं, जोडतच नाही. गाडीत ‘प्रायॉरिटी’, ‘फेव्हरिट’ किंवा ‘प्रायमरी’ फोन ठरवण्याची सोय असेल तर रोज चालवणाऱ्याचा फोन तिथे लावा. नसेल तर पाहुण्यांचे फोन काढून टाका.

दुसरा त्रास अंगणात होतो. ब्लूटूथचा पल्ला साधारण दहा मीटरचा, आणि गाडी पडवीला लागून उभी असते. तुम्ही गाडी चालू करता आणि ती पडवीत चार्जिंगला लावलेला दुसऱ्याच कुणाचा फोन पकडते. घरातला माणूस फोनवर बोलत असतो आणि त्याचा आवाज अचानक गाडीतून येऊ लागतो. जाड चिऱ्याची भिंत मध्ये असेल तर सुटका, उघड्या दारातून मात्र पल्ला आरामात पोचतो. घरात जास्त वेळ असणाऱ्याच्या फोनमध्ये गाडीच्या नावाखालचा ‘फोन कॉल्स’ हा पर्याय बंद ठेवा. किंवा फाटकाबाहेर गेल्यावर आपला फोन हाताने जोडा, पण गाडी थांबवून.

बिनतारी इअरबडचीही यात भूमिका असते. मागच्या सीटवर एखाद्या पोराने डबी उघडली की तुमच्या फोनचा आवाज गाडी सोडून इअरबडकडे जातो, आणि दोष गाडीच्या माथी येतो.

जोडलंय, पण आवाज नाही

फोनवर गाडीच्या नावापुढचं दातेरी चाक उघडा. तिथे ‘फोन कॉल्स’, ‘मीडिया ऑडिओ’ आणि ‘काँटॅक्ट्स’ अशी वेगवेगळी बटणं असतात. गाणं नाही तर ‘मीडिया ऑडिओ’, कॉल नाही तर ‘फोन कॉल्स’, नावं नाहीत तर ‘काँटॅक्ट्स’. बंद असलेलं चालू करा. आयफोनवर त्याच जागी संपर्कांसाठी ‘सिंक काँटॅक्ट्स’ असतं, आणि ‘डिव्हाइस टाइप’मध्ये ‘कार स्टिरिओ’ निवडता येतं.

मग गाडीचा सोर्स पाहा. तो रेडिओवर किंवा यूएसबीवर असेल तर ब्लूटूथचं गाणं आतल्या आत वाजत राहतं, स्पीकरपर्यंत येत नाही. यानंतर आवाजाची पातळी. ती दोन ठिकाणी असते, फोनवर आणि गाडीवर. फोनची मीडिया पातळी वरच्या टोकाजवळ ठेवा आणि बाकी सगळं गाडीच्या नॉबवर करा. कॉलची पातळी आणखी वेगळी असते आणि ती कॉल चालू असतानाच वाढवता येते. ‘गाणं मोठं, कॉल बारीक’ यात बिघाड काहीच नसतो.

व्हॉट्सअ‍ॅपच्या कॉलचं वागणं थोडं निराळं. काही जुने स्टिरिओ त्याला कॉल मानतच नाहीत. फोनच्या कॉल पडद्यावर स्पीकरच्या खुणेवर दाबून यादीतून गाडी निवडावी लागते. ते गाडी उभी असताना.

अँड्रॉइड ऑटो (फोनमधली गाणी, नकाशा गाडीच्या पडद्यावर आणणारी सोय) तारेने जोडलं असेल तर गाणी आणि नकाशा तारेवरून जातात, पण कॉल ब्लूटूथवरूनच. म्हणून ‘केबल आहे ना, मग ब्लूटूथ कशाला’ म्हणून ते बंद केलं की कॉल गाडीत येत नाहीत. तारेच्या कारप्लेत, म्हणजे आयफोनच्या तशाच सोयीत, तसं नाही, तिथे कॉलही तारेवरूनच येतात. बिनतारी अँड्रॉइड ऑटोत ब्लूटूथ ओळख करून देतं, कॉलही त्याच्यावरूनच जातात, आणि बाकीचं काम वायफायवर चालतं. त्यामुळे तिथे फोनचं वायफायही चालू हवं.

आणखी एक आपल्याकडची गोष्ट. फोनमध्ये नावं देवनागरीत साठवली असतील आणि गाडीच्या पडद्यावर नुसते चौकोन दिसत असतील, तर त्या स्टिरिओत देवनागरीचा फाँटच नाही. ब्लूटूथचा यात दोष नाही आणि स्टिरिओच्या अपडेटशिवाय दुरुस्तीही नाही. नेहमी ज्यांचे फोन येतात त्यांची नावं रोमन अक्षरांत साठवणं हा सोपा मार्ग.

घाटात गाणं तुटतं, ते कोणामुळे?

आंबा घाट, कुंभार्ली, फोंडा, आंबोली, कुठेही चढायला लागलं की गाणं अडखळतं आणि लोक ब्लूटूथला शिव्या घालतात. ब्लूटूथला डोंगराशी काही देणंघेणं नसतं, फोन आणि स्टिरिओ दोन्ही गाडीतच आहेत. तुटतं ते मोबाइलचं नेटवर्क. गाणं इंटरनेटवरून येत असेल तर साठा संपला की ते थांबतं.

याची खात्री करायची एक पक्की रीत आहे. फोनवर आधीच उतरवून ठेवलेलं गाणं लावा, विमान मोड चालू करा आणि मग फक्त ब्लूटूथ पुन्हा चालू करा. घाटभर गाणं नीट वाजलं तर दोष नेटवर्कचा. प्रवासाची गाणी आणि त्या भागाचा नकाशा घरच्या वायफायवरच उतरवून घ्या. विमान मोडमध्येही अडखळलं, तर मात्र ब्लूटूथकडे पाहायचं.

तेव्हा संशय गाडीच्या आतल्या गोष्टींवर घ्या. महामार्गावर कोंडीत शेकडो गाड्या अडकल्या म्हणून सहसा काही होत नाही, कारण ब्लूटूथ २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात ७९ वाहिन्यांवर सेकंदाला १६०० वेळा उड्या मारत चालतं आणि गजबजलेल्या वाहिन्या टाळत राहतं. पण त्याच पट्ट्यात शेजारी बसून सतत बोलणारा डॅशकॅमचा वायफाय किंवा मुलांसाठी चालू ठेवलेला फोनचा हॉटस्पॉट त्याला जड जातो. डॅशकॅमचा वायफाय चित्रफीत पाहायची नसेल तेव्हा बंद ठेवा. हॉटस्पॉटच्या सेटिंगमध्ये ५ गिगाहर्ट्झचा पट्टा निवडा. फोन मागच्या खिशात, म्हणजे माणूस आणि सीट यांच्या मध्ये दाबून ठेवू नका. शरीर या लहरी शोषून घेतं.

बॅटरी सेव्हर हेही एक नेहमीचं कारण. फोन पडदा बंद झाल्यावर गाण्याचं अ‍ॅप झोपवतो आणि दहा-पंधरा मिनिटांनी गाणं थांबतं. त्या अ‍ॅपच्या बॅटरी सेटिंगमध्ये ‘अनरिस्ट्रिक्टेड’ किंवा ‘नो रिस्ट्रिक्शन्स’ निवडा.

नकाशाचा पहिला शब्द गिळला जातो

‘डावीकडे वळा’ याऐवजी नुसतं ‘वळा’ ऐकू येतं. गोव्याच्या महामार्गावरून गावच्या फाट्याला उतरताना हे महागात पडतं. गाणं चालू नसताना ब्लूटूथचा आवाजाचा मार्ग झोपतो, आणि सूचना आली की जागा व्हायला क्षणभर लागतो. तेवढ्यात पहिला शब्द जातो. सोपा उपाय म्हणजे बारीक आवाजात काहीतरी वाजत ठेवणं. गूगल मॅप्सच्या नेव्हिगेशन सेटिंग्जमध्ये ‘प्ले व्हॉइस ओव्हर ब्लूटूथ’ आहे. ते बंद केलं की सूचना फोनच्या स्पीकरवरून येते आणि पुरी येते. तिथेच ‘प्ले टेस्ट साउंड’ आहे, निघण्यापूर्वी तो एकदा वाजवून पाहा.

समोरच्याला ऐकू जात नाही

तुम्हाला त्याचा आवाज स्वच्छ येतो, त्याला मात्र तुमचा घुमल्यासारखा किंवा वाऱ्यातून आल्यासारखा. बिघाड जोडणीत नाही, मायक्रोफोनजवळ आहे. कंपनीच्या गाड्यांत तो बहुधा छताच्या दिव्यापाशी असतो. पावसाळ्यात काचेवरची वाफ घालवायला डीफॉगर लावला आणि ब्लोअर चारवर ठेवला, की हवा काचेवरून वर सरकते आणि थेट माइकवर आदळते. कॉल आला की ब्लोअर एक-दोनवर आणा. टपावर धो धो पाऊस कोसळत असेल तर कुठलाच माइक कामाचा नाही, कॉल नंतर करा.

बाहेरून बसवलेल्या अँड्रॉइड स्टिरिओत माइक पुढच्या पट्टीवरच्या बारीक छिद्रामागे असतो आणि डॅशबोर्डच्या खोबणीत आवाज दबतो. अशा स्टिरिओंना बहुधा मागे बाहेरचा माइक जोडायची सोय असते. तारेचा छोटा माइक घ्या, तार खांबाच्या प्लॅस्टिकमागून वर न्या आणि सनव्हायझरजवळ, एसीच्या झोतापासून दूर बसवा. एअरबॅग असलेल्या खांबात तार एअरबॅगच्या पुढून जाता कामा नये, म्हणून तिथलं काम माहितगाराकडूनच करून घ्या.

खारी हवा आणि उभी राहिलेली गाडी

किनाऱ्यावरच्या गाड्यांत बॅटरीच्या टोकांवर पांढरी-हिरवी भुकटी लवकर जमते. मालक मुंबईत आणि गाडी गावात, असं असेल तर बॅटरीही उतरते. मग स्टार्टर मारताना व्होल्टेज इतकं पडतं की स्टिरिओ पुन्हा पहिल्यापासून सुरू होतो आणि नुकतंच जोडलेलं ब्लूटूथ सुटतं. काही स्टिरिओ घड्याळ आणि पेअरिंगही विसरतात. ‘दर वेळी नव्याने पेअर करावं लागतं’ अशी तक्रार असेल तर आधी मल्टीमीटर लावा. रात्रभर उभ्या गाडीची भरलेली १२ व्होल्टची बॅटरी साधारण १२.६ दाखवते. १२.२ च्या खाली असेल तर ती निम्म्यावर आली आहे. इंजिन चालू असताना साधारण १३.८ ते १४.४ दिसायला हवं.

भुकटी काढायची तर आधी ऋण टोक सोडा, मग धन. लावताना उलट, आधी धन. पाना बहुधा १० नंबरचा लागतो. कोमट पाण्यात खायचा सोडा कालवून जुन्या ब्रशने घासा, पुसून पूर्ण कोरडं करा, टोकं घट्ट आवळा आणि वरून पेट्रोलियम जेलीचा हात फिरवा. काही जुन्या स्टिरिओंना बॅटरी सोडल्यावर कोड मागायची सवय असते. तो गाडीच्या कागदांत सापडतो का ते आधी बघून मगच पाना हातात घ्या.

तरीही नाहीच झालं तर

क्रम सौम्यापासून कठोराकडे ठेवा. स्टिरिओचं पॉवर बटण दहा-पंधरा सेकंद दाबून धरलं की पुष्कळ स्टिरिओ नव्याने सुरू होतात; बाहेरून बसवलेल्यांत ‘आरएसटी’ लिहिलेलं टाचणीएवढं छिद्र असतं. मग अँड्रॉइडवर सिस्टीम अ‍ॅप्समधल्या ‘ब्लूटूथ’चा कॅश (साठलेली तात्पुरती माहिती) पुसा. मग फोनची नेटवर्क सेटिंग्ज रिसेट करा, पण आयफोनवर यात वायफायचे सगळे पासवर्ड जातात, अँड्रॉइडवरही जाऊ शकतात. दुसराच एखादा फोन गाडीला जोडून पाहणं मात्र याआधी करा. तो नीट चालला तर दोष तुमच्या फोनचा, तोही अडला तर गाडीचा. हे पाच मिनिटांचं काम न करता लोक फोन फॅक्टरी रिसेट करून मोकळे होतात.

जुन्या गाडीत ब्लूटूथच नसेल आणि स्टिरिओला ऑक्सची (हेडफोनसारखी पिन बसणारी) खाच असेल, तर ऑक्समध्ये बसणारा ब्लूटूथ रिसीव्हर घ्या. फोनचं गाणं गाडीच्या रेडिओवर पाठवणाऱ्या एफएम ट्रान्समीटरपेक्षा आवाज नक्कीच चांगला. रिसीव्हर चार्जरला लावल्यावर इंजिनच्या वेगाबरोबर चढणारी शीळ ऐकू आली तर मध्ये ग्राउंड लूप आयसोलेटर (ही शीळ अडवणारा छोटा जोड) लावा. ऑक्सची खाच खाऱ्या हवेने काळवंडली असेल तर काँटॅक्ट क्लीनरचा छोटा फवारा मारून पिन चार-सहा वेळा आत-बाहेर करा. गंज सोडवायचं तेल तिथे नको. ऑक्सही नसेल तरच एफएम ट्रान्समीटर, आणि त्यासाठी ८७.५ ते १०८ मधली अशी जागा शोधा जिथे नुसती खरखर आहे. लांबच्या प्रवासात ती जागा मध्येच बदलावी लागेल, कारण पुढच्या गावात तिथे एखादं केंद्र लागलेलं असतं.

गाडी विकताना किंवा भाड्याची गाडी परत करताना गाडीच्या यादीतून आपला फोन काढा आणि नंतर संपर्क व कॉलची नोंदही गेली का ते पाहा. काही स्टिरिओंत फोन काढला तरी यादी मागे राहते. तिथे गाडीच्या सेटिंग्जमधला ‘फॅक्टरी रिसेट’ हाच मार्ग.